‘जोड्या लावा’ची स्पॅनिश

मंडळी, आजकाल पुण्या-मुंबईच्या बऱ्याच शाळांत परदेशी भाषा म्हणून स्पॅनिश शिकवतात. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना तर ती शाळेत हमखास भेटते. चांगलंच आहे. माझं भांडण स्पॅनिशशी नाही. भांडण आहे ते दोन रकान्यांच्या यादीशी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्पॅनिश. सोमवारी वीस शब्द द्यायचे, शुक्रवारी चाचणी घ्यायची.

मी तीसहून अधिक वर्षं शाळेत शिकवलं. त्यामुळे ही यादी इतकी लाडकी का, ते मला पक्कं ठाऊक आहे. तपासायला सोपी! ‘जोड्या लावा’ हा प्रश्न पेपर तपासणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. त्यातून मुलाला काय कळलं, हे कोण विचारतंय?

आता यादीतला ‘नो’ (म्हणजे जाणणे) हा शब्द घ्या. समोर लिहिलंय ‘साबेर’. झालं, पाठ करा. पण स्पॅनिशमध्ये माहिती असली तर ‘साबेर’ आणि माणसाची ओळख असली तर ‘कोनोसेर’. इंग्रजीतून येणाऱ्याला हा भेद नियम म्हणून घोकावा लागतो. मराठी मुलाला काय घोकायचंय त्यात? ‘मला उत्तर माहीत आहे’ आणि ‘मी जोशीकाकूंना ओळखते’ यांत ते मूल कधी गोंधळतं का?

याहून मोठी गंमत ‘लाइक’ची. यादीत समोर ‘गुस्तार’. मुलं मग इंग्रजीच्या चालीवर ‘मी’ पुढे घालून वाक्य करतात आणि मार खातात. स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘मे गुस्ता एल मांगो’. मला आंबा आवडतो. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’. मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, खाणाऱ्याच्या नाही. अगदी आपल्यासारखं! ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे डोकं दुखतंय. दुखणारं डोकं हाच कर्ता, जसा आपल्याकडे. इंग्रजीत मात्र डोकेदुखी ‘जवळ बाळगावी’ लागते. म्हणजे घराच्या दारातून थेट जाणारी वाट सोडून आपण लेकरांना लंडनमार्गे माद्रिदला पाठवतो. वर त्यांनाच म्हणतो, व्याकरण कच्चं आहे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही तेच. इंग्रजीत एकच ‘यू’. स्पॅनिशमध्ये घरोब्याचा ‘तू’ (हो, अक्षरशः ‘तू’!) आणि मानाचा ‘उस्तेद’. हा ‘उस्तेद’ ‘वुएस्त्रा मेर्सेद’चा, म्हणजे ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनाचा, झिजून झालेला शब्द आहे. सासऱ्यांना अरे-तुरे करू नये, हे आपल्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. उच्चाराचं काय सांगू! स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखे दातांना जीभ लावून. इंग्रजी वळणाने शिकलेली पोरं तिथे ‘ट’ आणि ‘ड’ म्हणतात तेव्हा माझा जीव कळवळतो.

आणि ते प्रसिद्ध ‘एम्बारासादा’. इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’सारखा दिसतो म्हणून पोरं तो ‘ओशाळलेली’ या अर्थी ठोकून देतात. अर्थ आहे गरोदर! हा खड्डा इंग्रजीच्या रस्त्यावरच आहे. ‘मला लाज वाटते’ इथून निघालं तर ‘मे दा वेर्ग्वेन्सा’वर पोचायला अडचण नाही. तिथेही लाज ‘मला’च होते.

मराठीने सगळं सुटतं, असा माझा दावा नाही हं. पाण्यातला मासा ‘पेस’ आणि पकडून ताटात आलेला ‘पेस्कादो’, हा भेद आपल्याकडेही नाही. ‘असणे’ची दोन क्रियापदं आहेत. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे. इथे कष्ट आहेतच. पण यादी तर हेही सांगत नाही. कॉम्प्युटरला स्पेनमध्ये ‘ओर्देनादोर’, मेक्सिकोत ‘कोंपुतादोरा’, हेही नाही. बस ‘पकडायला’ स्पेनमध्ये बिनदिक्कत वापरतात ते ‘कोखेर’ मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात इतकं अश्लील आहे, की अर्थ मी इथे लिहीत नाही. आमच्या वन्संही हा ब्लॉग वाचतात.

यावर लेकाचं उत्तर ठरलेलं. “आई, मुलांचा विचारच इंग्रजीत चालतो, मराठी कुठून आणायची?” अरे, पानात कारल्याची भाजी पडली की “मला नाही आवडत” असं कुठल्या भाषेत ओरडते तुझी लेक? तेच वाक्य आहे ते. ‘नो मे गुस्ता’.

नातीच्या वहीत मी आता तिसरा रकाना आखून दिला आहे. त्यात शब्दाला शब्द नाही, अख्खं मराठी वाक्य लिहायचं. बाईंना चालत नसेल तर वहीच्या मागच्या पानांवर. तुम्हीही आपापल्या घरी करून बघा, आणि काय सापडतं ते खाली कळवा. आम्हाला परवा ‘पागार’ सापडला. अर्थ आहे पैसे देणे. आपला ‘पगार’ आला पोर्तुगीजांकडून, आणि पोर्तुगीज नि स्पॅनिश सख्ख्या बहिणी. मग नातीने स्वतःहूनच साबण शोधला. ‘खाबोन’ निघाला.