वायू विरला, विष उरले

युद्धात गुदमरवणारे वायू पसरवणारे गोळे वापरणार नाही, असे १८९९ साली हेगला लिहून देणाऱ्या युरोपने एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियमच्या ईप्रला क्लोरीन सोडला, आणि त्याच आठवड्यात तिथे लढायला उतरलेल्या लाहोर डिव्हिजनच्या हिंदी शिपायांच्या छातीतही तो भिनला. जुलै १९१७ मध्ये त्याच परिसरात मस्टर्ड वायू आला. तो अंगावर पडल्याचे लगेच कळतही नाही. काही तासांनी डोळे सुजून मिटतात, कातडीवर फोड येतात, श्वासमार्गाचे अस्तर सोलून निघते. मरतात मात्र थोडे, शंभरातले दोन-तीन. आणि पुढच्या शंभर वर्षांच्या बेफिकिरीचे मूळ याच आकड्यात आहे.

१९२५ साली जिनिव्हात वायुयुद्धबंदीचा करार झाला, त्याच वर्षी जे. बी. एस. हॉल्डेन या थोर जीवशास्त्रज्ञांनी एका छोट्या पुस्तकात वायूची बाजू मांडली: तोफगोळ्यापेक्षा तो कमी माणसे मारतो, म्हणून कमी क्रूर. हॉल्डेन निर्दय नव्हते. मुखवटे पारखण्यासाठी त्यांनी स्वतः क्लोरीन हुंगला होता. उत्तरायुष्यात ते भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला निवर्तले. चुकली ती हिशेबाची मुदत. इस्पितळातून घरी गेलेला शिपाई बरा झाला, असे धरले गेले.

राज्यकर्त्यांना ही मुदत सोयीची होती. १९३० च्या दशकापासून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्डचे प्रयोग केले. ते पुढे कसे जगले आणि कशाने गेले, याची विचारपूस कोणी केली नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६०,००० सैनिक अशा चाचण्यांत वापरले, त्यांना गप्प राहण्याची तंबी दिली, आणि डोळ्यांचे व फुप्फुसांचे जुनाट विकार या वायूनेच होतात, असे सांगणारा तज्ज्ञांचा अधिकृत अहवाल यायला १९९३ साल उजाडले.

तोवर इराण-इराक युद्धातल्या इराणी शिपायांनी ते विकार देहावर भोगायला सुरुवात केली होती. इराकने मस्टर्ड वापरल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९८४ सालीच नोंदवले होते. तरीही जून १९८७ मध्ये इराणमधल्या सरदश्तच्या वस्तीवर तेच बाँब पडले आणि मार्च १९८८ मध्ये इराकमधल्या हलब्जात रासायनिक हल्ल्यात हजारो कुर्द मेले. १९८८ च्या ऑगस्टमध्ये युद्ध थांबले. पण आघाडीवर डोळे चुरचुरून आठवड्याभरात निवळलेल्या काही जवानांच्या बुबुळांवर पंधरा-वीस वर्षांनी व्रण उमटू लागले, दृष्टी गढुळली. अनेकांच्या फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका आक्रसत गेल्या आणि जिना चढणे हे दिवसाचे मोठे काम झाले. या विषाला उतारा नाही. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे डोळे असेच उशिरा गेल्याचे नेत्रवैद्यांनी लिहून ठेवले होते. ते पुन्हा वाचायला जगाला इराणी रुग्णांची नवी पिढी लागली. त्यात आर्थिक निर्बंधांनी त्यांची औषधेही महाग आणि दुर्मीळ केली.

१९९७ साली अमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने घोषित साठ्यांतले ७२,००० टनांहून अधिक विष जुलै २०२३ पर्यंत नष्ट करवले. ही फार मोठी कमाई आहे. परंतु साठे नष्ट करणे बंधनकारक, मुदतबद्ध आणि तपासणीखाली. बाधितांसाठी २०११ साली ठरलेला निधी मात्र ऐच्छिक देणग्यांचा. भारताने आपला साठा २००९ मध्ये संपवला. रावळपिंडीचे ऋण स्मरून हा निधी बंधनकारक करण्याची मागणी भारतानेच मांडली पाहिजे, आणि ती लवकर. उत्तर इराकात कुर्द पेशमर्गा सैनिकांवर मस्टर्ड पडला तो २०१५ साली. आज धड दिसणाऱ्या त्यांच्या डोळ्यांची खरी परीक्षा २०३० नंतर सुरू होईल, आणि त्यांची तपासणी दरवर्षी कोणी करायची, हे अजून कुठल्याही करारात लिहिलेले नाही.