बांधावरच्या गप्पा : भिंतीची हकिगत



वसई म्हटले की आपल्याला सुकेळी आठवतात. तिथल्या किल्ल्यातली चर्चेही एकदा पाहून या. १५३४ नंतर पोर्तुगीजांनी ती बांधली. प्रार्थना लॅटिनमध्ये होई. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. विजयाची खूण म्हणून एक घंटा पुढे नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगली गेली. चर्चची छपरे कोसळली. पण आसपासचे ख्रिस्ती शेतकरी जमीन धरून राहिले. १९६२ ते १९६५ च्या धर्मपरिषदेनंतर त्यांची उपासना मराठीत आली. किल्ल्यातल्या गोन्सालो गार्सिया चर्चमध्ये सणाला आजही ते जमतात.

तुमच्या गावच्या जुन्या देवळाची, मशिदीची हकिगत म्हाताऱ्यांना विचारा, वहीत उतरवा. ती माणसे गेली, की भिंत मुकी होते.