दोन प्रसंगांमधले आयुष्य

वसंतदादा पाटील यांचे नाव निघाले की दोन प्रसंग हमखास सांगितले जातात. पहिला २४ जुलै १९४३ चा : सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह केलेले पलायन, मागून पोलिसांच्या गोळ्या, अण्णासाहेब पत्रावळे यांचे हौतात्म्य आणि खांद्यात गोळी लागून पकडले गेलेले पंचविशीतले दादा. दुसरा जुलै १९७८ चा : मंत्रिमंडळातलेच सहकारी बाहेर पडल्याने कोसळलेले त्यांचे सरकार. या दुसऱ्या प्रसंगासाठी राजकीय बोलीत ‘खंजीर’ हा एकच शब्द पुरतो. पहिली वीरकथा, दुसरी शोकांतिका. दोन्ही सांगायला सोप्या, कारण दोन्हींचे साचे तयार आहेत. मधली पस्तीस वर्षे मात्र कोणत्याच साच्यात बसत नाहीत. माझ्या मते खरे चरित्र तिथेच आहे, आणि मराठी साहित्य नेमके तिथेच कमी पडले आहे.

या पस्तीस वर्षांत काय घडले? सांगलीजवळच्या पद्माळे गावचा, आजीने वाढवलेला, शाळा लवकर सुटलेला एक शेतकरी १९५२ मध्ये आमदार झाला. शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून त्याने सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला. १९७२ मध्ये तो पाटबंधारे मंत्री आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाला. या तपशिलांत एक विलक्षण स्थित्यंतर दडलेले आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या वर्गातला माणूस पाणी कुठे न्यायचे हे ठरवणाऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. त्या प्रवासात त्याची भाषा बदलली का? गावाकडे पाहण्याची नजर बदलली का? कृष्णाकाठच्या उसाला पाणी मिळत असताना त्याच जिल्ह्यातील जत-आटपाडीचा दुष्काळ त्याला कसा दिसत होता? चरित्रकाराने विचारायचे प्रश्न हे आहेत.

आत्मचरित्रांकडे वळावे तर तिथेही वाट मध्येच संपते. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ (१९८४) हे मराठीतील उत्तम आत्मकथनांपैकी एक आहे. देवराष्ट्रे, कऱ्हाड, आई, शिक्षणाची ओढ आणि बेचाळीसची चळवळ त्यात जिवंत होतात. पण ते १९४६ पाशी, म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा सत्तेच्या दारात पाऊल ठेवतो तिथेच थांबते. पुढचे खंड लिहिण्याआधी चव्हाण गेले, हे खरे. तरीही हा योगायोग सूचक वाटतो. चव्हाण निदान लिहिणारे होते. दादा बोलणारे होते, आणि बोलणाऱ्यांचे आयुष्य आपल्याकडे इतरांच्या आठवणींत विखुरते व गौरवग्रंथांत गुळगुळीत होते.

कथात्म साहित्याने दुसरे टोक पकडले. ‘सामना’ चित्रपटातला साखरसम्राट हिंदुराव विजय तेंडुलकरांनी अविस्मरणीय केला, पण आपण त्याच्याकडे पाहतो ते मास्तरच्या नजरेने. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७७) सत्ता दिसते ती मुंबईत, पत्रकाराच्या जवळिकीने आणि पत्रकाराच्याच अंतरावरून. या कलाकृतींचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यांत पुढारी आपल्यासमोर येतो तेव्हा तो आधीच पुढारी झालेला असतो. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने (१९९४) स्वातंत्र्यलढ्यापासून सहकारापर्यंतचा पट मांडून ही उणीव बरीचशी भरून काढली. पण तो अपवाद राहिला, त्याची परंपरा झाली नाही.

याचे कारण आपल्या चरित्रलेखनाच्या वारशात शोधता येईल. बखरीने धन्याचा पराक्रम सांगितला, संतचरित्राने पुण्याई सांगितली. हिशेब मागण्याची सवय या दोन्ही प्रकारांनी लावली नाही. शेतकरी पुढाऱ्याचे आयुष्य तर हिशेबांनीच भरलेले असते : भाग, कर्ज, पाण्याच्या पाळ्या, उसाचा दर. ज्याला हे रुक्ष वाटते, त्याला हे आयुष्य कळणार नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयप्रकारांचा नाही. महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये विचारले होते की, रयतेच्या घामातून आलेल्या महसुलावर उच्चवर्णीयांचे उच्च शिक्षण का चालावे? पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, अल्पशिक्षित शेतकरी मुख्यमंत्री असलेल्या वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याने हजारो ग्रामीण मुलांना दारे उघडली की शिक्षणाला किंमतीचे लेबल लावून फुल्यांचा प्रश्न अधिक अवघड केला? मला दोन्ही खरे वाटते. फी भरण्यासाठी जमिनीचा तुकडा विकणारा बाप आणि त्या फीतून इंजिनिअर झालेली मुलगी, दोघेही या निर्णयाचे वारस आहेत. त्यांना एकाच पानावर आणू शकेल असे चरित्र आपल्याला हवे आहे.

दादा १ मार्च १९८९ रोजी गेले. त्यांनी उभारलेला कारखाना कर्जात रुतला आणि २०१७ मध्ये तो खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने चालवायला द्यावा लागला. वीरकथेत आणि शोकांतिकेत या वाक्याला जागा नाही. चरित्रात मात्र ते टाळता येणार नाही. या चरित्राची साधने आजही हाताशी आहेत : कारखान्यांचे वार्षिक अहवाल, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, सभासद असलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि ऊसतोडीला येणाऱ्या बिऱ्हाडांनी पाहिलेला तोच कारखाना. आपल्या वर्गांत बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आजोबा यांपैकी कोणी ना कोणी होते. चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना त्याची लक्षणे फळ्यावर लिहून देण्याऐवजी या विद्यार्थ्यांना त्या आजोबांकडे पाठवावे. पस्तीस वर्षांचा तो कोरा भाग लिहिण्याची सुरुवात तिथूनच होऊ शकेल.