थकवा म्हणजे तकवा नव्हे

2025 चा रमजान जवळजवळ अख्खाच्या अख्खा मार्च महिन्यात आला होता. 2 मार्चला पहिला रोजा, 31 मार्चला ईद. मी बँकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमच्याकडे मार्च म्हणजे वर्षअखेर: व्याजाची आकारणी, खाती बंद करणं, आणि 31 तारखेची रात्र बिनचूक पार पडावी म्हणून आधीचे तीन-चार आठवडे रात्री-रात्री चालणाऱ्या रंगीत तालमी. या तालमी रात्रीच होतात, कारण तेव्हा व्यवहार कमी असतात. इकडे तरावीहही रात्रीच असते.

मी इंजिनिअर माणूस. एक्सेलमध्ये तक्ता केला. पाच नमाजा, तरावीह, रोज एक पारा, ऑफिसची कामं, किती ग्लास पाणी प्यायलो, किती मिनिटं चाललो, असे रकाने केले आणि रोज रात्री हिरव्या खुणा करू लागलो. पहिले आठ दिवस तक्ता हिरवागार होता. मी स्वतःवर खूश होतो. ‘दीन आणि दुनिया दोन्ही सांभाळतोय’ असं मनातल्या मनात म्हणत होतो.

नवव्या की दहाव्या रोज्याची गोष्ट. आदल्या रात्री तरावीह आटोपून सव्वादहाला घरी आलो, अकराला लॅपटॉप उघडला, दीड वाजता मिटला. चारला सहरीसाठी उठलो. फजरनंतर तासभर डोळा लागला आणि साडेसातला कोंढव्याहून हिंजवडीला दुचाकीवर निघालो. नवले पुलाचा उतार पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण सतत वाचतो. त्या उतारावर मला डुलकी लागली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. एका ट्रकच्या हॉर्ननं जाग आली तेव्हा माझी गाडी माझ्या लेनमध्ये नव्हती.

बाजूला थांबलो. हात थरथरत होते. शुक्र अदा केला. आणि मग, खोटं कशाला सांगू, पुन्हा गाडी सुरू करून ऑफिसला गेलो, कारण साडेनऊला मीटिंग होती. आज विचार करतो तेव्हा त्या डुलकीपेक्षा पुढचं हे वागणंच मला जास्त भीतीदायक वाटतं.

रात्री बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. तक्ता दाखव म्हणाली. बघितला आणि विचारलं, “यात झोपेचा रकाना कुठंय?” नव्हताच. मग म्हणाली, “आणि माझा?” ती शाळेत शिकवते. मार्चमध्ये तिच्याही परीक्षा, पेपर तपासणी. माझी सहरी चार वाजता ताटात यायची म्हणून ती साडेतीनला उठत होती. मी तरावीहला जायचो तेव्हा ती भांडी आवरून, मुलीला निजवून पेपर काढून बसायची. माझ्या तक्त्यातली प्रत्येक हिरवी खूण तिच्या झोपेतून कापून घेतलेली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या रात्री मला एक जुनी हदीस नव्यानं समजली. बुखारीत ती आहे. आपल्यापैकी अनेकांनी बयानांत ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्यात भाऊपण जोडून दिलं होतं. सलमान भेटायला गेले तर अबू दरदांच्या पत्नी अगदी साध्या, मळकट अवतारात दिसल्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या की तुमच्या भावाला आता दुनियेत काही रस उरलेला नाही. अबू दरदा दिवसा रोजे धरायचे, रात्रभर नमाज अदा करायचे. सलमान यांनी त्यांना आग्रहानं जेवायला लावलं, रात्री ‘आत्ता झोप’ म्हणून दोनदा थांबवलं, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग समजावलं की तुझ्यावर तुझ्या रबचा हक्क आहे, तुझ्या स्वतःचाही आहे आणि तुझ्या घरच्यांचाही. ज्याचा हक्क त्याला दे. प्रेषितांना (स.) हे कळलं तेव्हा त्यांनी सलमान खरं बोलले असं सांगितलं.

आपण बहुतेक वेळा या गोष्टीचा शेवट सांगतो. मला सुरुवात महत्त्वाची वाटते. समतोल बिघडल्याचं सलमान यांना कुठून कळलं? अबू दरदांच्या चेहऱ्यावरून नव्हे, त्यांच्या पत्नीच्या अवस्थेवरून. एखाद्याची इबादत, नोकरी आणि तब्येत अगदी छान चालली असेल तर आधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे बघावं. किंमत ते माणूस मोजत असण्याची शक्यता मोठी.

दुसरी हदीस दोरीची. प्रेषित (स.) मशिदीत आले तर दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की ती हजरत जैनब (रजि.) यांची आहे, नमाजीत थकल्या की त्या तिचा आधार घेतात. त्यांनी दोरी सोडायला सांगितली. हुरूप असेपर्यंत नमाज अदा करावी आणि थकल्यावर बसावं, अशी शिकवण दिली. नमाजीत डुलकी येऊ लागली तर आधी झोप घ्या, कारण झोपेत माणूस माफी मागायला जाऊन स्वतःलाच शाप देऊन बसेल, अशा अर्थाची हदीसही आहे. ‘तरावीह’ हा शब्दच बघा. त्याच्या मुळाशी विश्रांती आहे. चार रकअतींनंतर लोक थोडं बसायचे, त्या बसण्यावरून या नमाजीला नाव पडलं. आणि आपण ती वीस मिनिटं कमी लागणाऱ्या मशिदी शोधत फिरतो, घरी येऊन लॅपटॉप उघडायचा असतो म्हणून.

मी आलिम नाही. पण एवढं कळतं की आपल्या दीनमध्ये सवलत ही मागच्या दारानं आलेली गोष्ट नाही. आजारी आणि प्रवासी माणसासाठी रोज्याची सवलत कुरआनात त्याच ठिकाणी आहे जिथं रोज्यांचा आदेश आहे. सूरह मुज्जम्मिलची सुरुवात रात्रीच्या दीर्घ नमाजीनं होते, आणि त्याच सूरहच्या शेवटी आजाऱ्यांचा, रोजीरोटीसाठी फिरणाऱ्यांचा विचार करून जेवढं सोपं जाईल तेवढं पठण करा असं सांगितलं आहे. रोजीसाठी धावणाऱ्या माणसाची दखल तिथं आहे. आपणच ती घेत नाही.

का घेत नाही? माझ्यापुरतं उत्तर देतो. मला दोन ठिकाणी स्वतःला सिद्ध करायचं होतं. आमच्या टीममध्ये मी एकटाच मुस्लिम आहे. ‘रोजे आहेत म्हणून काम होत नाही’ असं कुणी म्हणू नये, कुणाच्या मनातही येऊ नये, म्हणून मी रमजानमध्ये इतर महिन्यांपेक्षा जास्त काम अंगावर घेत होतो. तसं कुणी म्हटलं नव्हतं. मीच गृहीत धरलं होतं. दुसरीकडे मोहल्ल्यात ‘मोठ्या कंपनीत लागला, आता मशिदीत दिसत नाही’ असं व्हायला नको होतं. तेही कुणी म्हटलं नव्हतं. या दोन न झालेल्या आरोपांना उत्तर देता देता मी नवले पुलावर झोपलो.

तुमच्यापैकी पुष्कळजण आपापल्या टीममध्ये, वर्गात, वॉर्डात असेच एकटे असाल. सगळ्या कौमचं नाव आपल्या खांद्यावर आहे असं वाटतं. ते ओझं खरं आहे, त्याची कारणंही खरी आहेत. पण ते वाहायचं म्हणून शरीर मोडायचं ठरवलं तर मोडलेल्या शरीरानं कुणाचं नाव राखणार? शरीर अल्लाहची अमानत आहे. अमानत वापरायची असते, झिजवून परत करायची नसते.

आता मी काय बदललं ते सांगतो. आमच्या कामात एक पद्धत आहे, ‘कोड फ्रीज’. वर्षअखेर जवळ आली की सॉफ्टवेअरमध्ये नवीन काही घालायचं नाही. कितीही चांगली कल्पना असो, ती एप्रिलमध्ये. बँकेचा रोजचा कारभार चालू राहील एवढंच बघायचं. हे मी दरवर्षी दुसऱ्यांच्या खात्यांसाठी करत होतो, स्वतःसाठी कधी केलं नव्हतं. उरलेले वीस दिवस तसं केलं.

फर्ज होतं ते ठेवलं: पाच नमाजा आणि रोजे. तालमीच्या रात्री तरावीह घरीच, जमेल तेवढ्या रकअती, बायको आणि मी मिळून. रोजच्या एका पाऱ्याऐवजी फजरनंतर दोन पानं, पण अर्थासह. सातत्यानं केलेलं थोडं काम अल्लाहला अधिक प्रिय असतं, हेही आपण हदीसमध्ये ऐकलेलंच आहे. इफ्तार पार्ट्या बंद. नवीन जबाबदारी, मग ती मोहल्ला कमिटीची का असेना, ईदनंतर. दुपारी जोहरनंतर ऑफिसच्या रेस्ट रूममध्ये वीस मिनिटं आडवं होणं. दुपारची ही झोप, कैलूला, आपल्याकडे सुन्नत म्हणून ओळखली जाते, आणि मी ती आळस समजून टाळत होतो. दुचाकी बंद करून कंपनीच्या बसनं जायला लागलो. सहरी आदल्या संध्याकाळीच करून ठेवायची आणि सकाळी ताट वाढायचं काम माझं. पहिल्या दिवशी चपाती करपली. दुसऱ्या दिवशी कमी करपली.

आणि सगळ्यात अवघड काम: मॅनेजरशी बोललो. 31 मार्चलाच ईद येण्याची शक्यता होती, आणि त्या रात्री मला सुट्टी मिळणं अशक्य आहे असं मी महिनाभर धरून चाललो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, “हे फेब्रुवारीत का नाही सांगितलंस?” एका सहकाऱ्यानं ती पाळी घेतली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची त्याची पाळी मी केली. हिशेब सरळ झाला, आणि आमची ओळख ऑफिसपलीकडे गेली ती वेगळीच.

मला माहीत आहे की हे सगळ्यांना जमण्यासारखं नाही. डिलिव्हरीवर फिरणाऱ्याला इफ्तारच्या वेळीच सर्वांत जास्त ऑर्डर येतात. कंत्राटावरच्या कामगाराला, दवाखान्यातल्या नर्सला, सुरक्षारक्षकाला ‘पाळी बदलून द्या’ म्हणणं परवडत नाही. म्हणूनच ज्याला विचारणं शक्य आहे त्यानं विचारलं पाहिजे, आणि स्वतःपुरतं विचारून थांबू नये. तुम्ही टीम लीड असाल तर तुमच्या इमारतीच्या दारावरचा रोजेदार गार्ड इफ्तारला कुठं बसतो हे पाहा. तुमचं दुकान असेल तर कामाच्या मुलाला नमाजीची दहा मिनिटं द्या, आणि सणाच्या दिवशी इतर धर्मांच्या मुलालाही तेवढ्याच मोकळेपणानं सोडा.

आणखी एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. प्रत्येक थकवा झोपेनं जात नाही. दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ‘ईमान कमजोर झालंय’ म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ताप आल्यावर आपण दुआही करतो आणि डॉक्टरकडेही जातो, इथंही तेच. सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे. तसंच मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून वेळा ठरवून घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही घेऊन जा.

माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्याकडे बरीच वर्षं मुक्कामाची गाडी होती. संध्याकाळी गाडी शेवटच्या गावात न्यायची, रात्री तिथंच झोपायचं आणि पहाटे गावातली माणसं घेऊन परत निघायचं. नवले पुलाची हकीकत त्यांना सांगायचं धाडस मला ईदनंतरच झालं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बेटा, मुक्कामाच्या रात्री मी झोपलो नसतो तर पहाटे माझ्या मागं बसलेल्या पन्नास माणसांचं काय झालं असतं?” त्यांच्या लेखी रात्रीची झोप ही ड्युटीच होती.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. मार्चमधून तो निघून जाईल, पण धावपळीचे दिवस दुसऱ्या रूपात येतच राहतील: परीक्षा, लग्न, बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, नवी नोकरी. त्या वेळी तक्ता जरूर करा. फक्त पहिले दोन रकाने आधी आखा: आपली झोप, आणि घरात आपल्यासाठी कोण जागतंय त्याचं नाव.

अल्लाह आपल्या थोड्या पण सातत्याच्या इबादतीला कबूल करो, आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या घरच्यांचा हक्क ओळखण्याची समज देवो. आमीन.