पाकिटावरचे सोडियम, ताटातले मीठ

घरात कोणाचा रक्तदाब वाढला की डॉक्टर बजावतात, "मीठ कमी करा, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा." फरसाणाच्या पाकिटावर मात्र बहुधा मीठ किती ते सांगितलेले नसते. तेथे छापलेले असते सोडियम, आणि तेही मिलिग्रॅममध्ये. 'आठशे मिलिग्रॅम म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नव्हे' असे म्हणून आपण पाकीट निर्धास्तपणे फोडतो. सुरतेच्या जेवणाची महती गुजराती म्हणीत काशीच्या मरणाच्या जोडीने सांगितली जाते. अशा गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना हा गैरसमज परवडणारा नाही. म्हणून या वेळी शाळेतले एक जुने उदाहरण आम्ही स्वयंपाकघरात आणीत आहोत. संयुगाचे वजन दिले असता त्यातील एका मूलद्रव्याचे वजन काढणे, एवढेच ते उदाहरण आहे.

मीठ हे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग असून त्यात दोहोंचे अणू एकास एक असतात. सोडियमचा अणुभार २३ आणि क्लोरीनचा ३५.५, बेरीज ५८.५. अर्थात ५८.५ ग्रॅम मिठात सोडियम २३ ग्रॅम. भागाकार केला की शेकडा ३९.३ हा आकडा हाती येतो. एक ग्रॅम मिठात सोडियम ३९३ मिलिग्रॅम, आणि पाच ग्रॅम मिठात जवळजवळ दोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला सोडियम २ ग्रॅमपेक्षा कमी, मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असे सांगते, त्या दोन वेगळ्या मर्यादा नव्हेत. एकच मर्यादा दोन मापांत सांगितली आहे.

पाकिटावरून मिठाकडे यायचे तर हिशेब उलटा करावा, म्हणजे सोडियमला अडीचने गुणावे. ८०० मिलिग्रॅमचे झाले दोन ग्रॅम मीठ. दिवसाच्या पाच ग्रॅमांपैकी दोन ग्रॅम शंभर ग्रॅम शेवेतच संपले. वरण, भाजी, पोळी आणि लोणचे यांची पाळी अजून यायचीच आहे. हा आकडा शंभर ग्रॅमांचा आहे की एका वेळच्या खाण्याचा, तेही पाहून घ्यावे. पाकिटावर दोन्ही रकाने असू शकतात आणि लहान आकडा डोळ्यांना आधी दिसतो.

येथवरचा हिशेब सोपा आहे. खरी गफलत होते ती खमण आणि लोचो यांच्या ताटलीशी. हे पदार्थ चवीला खारट लागत नाहीत, म्हणून पथ्याच्या माणसाला बेलाशक वाढले जातात. पण ते फुगतात ते बहुधा खाण्याच्या सोड्याने. या सोड्यात सोडियमचा एक अणू, हायड्रोजनचा एक, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन. अणुभारांची बेरीज २३, १, १२ आणि ४८ मिळून ८४. त्यात सोडियम २३, म्हणजे शेकडा २७.४. पाच ग्रॅम सोडा वापरला तर सुमारे १,३७० मिलिग्रॅम सोडियम घाण्यात गेले. ते साडेतीन ग्रॅम मिठाच्या तोडीचे झाले. पीठ वाफवताना सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीठ हलके होते, आणि सोड्याबरोबर सोडियमही उडाले असे वाटते. ते उडत नाही. वायू जातो, सोडियम वाटीभर खमणात जसेच्या तसे राहते. पापडखार आणि फ्रूट सॉल्ट यांचीही जात तीच. जीभ खारटपणा मोजते, सोडियम मोजत नाही.

दुसरी समजूत सैंधवाची. 'मीठ सोडले, आता सैंधवच घेतो' असे अभिमानाने सांगणारे वडीलधारे आम्हांला वारंवार भेटतात. उपासाला सैंधव चालते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण सैंधव म्हणजे खाणीत सापडलेले तेच सोडियम क्लोराइड. थोडे इतर क्षार असतात, त्यामुळे सोडियमचा आकडा फारसा हलत नाही. १९३० च्या ६ एप्रिलला गांधीजींनी ज्या दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले, तो किनारा तेव्हा सुरत जिल्ह्यातच होता (आज तो नवसारीत आहे). तेथल्या समुद्राच्या मिठात आणि डोंगरातल्या सैंधवात रक्तदाबाच्या दृष्टीने निवड करण्याजोगे काही नाही.

उलट सैंधवाला कायमचे जवळ केल्याने आयोडीन हातचे जाते. आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळलेले असते. त्याचा हिशेब असा : पोटॅशियम ३९, आयोडीन १२७, ऑक्सिजन ४८, एकूण २१४, त्यात आयोडीन शेकडा ५९. ग्राहकाच्या हाती पडताना किलोभर मिठात आयोडीन निदान १५ मिलिग्रॅम असावे, असा आपल्याकडे दंडक आहे. त्यासाठी त्या किलोत अवघे २५ मिलिग्रॅम आयोडेट पुरते. इतक्या अल्प मात्रेने गलगंड कसा हटतो, हे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात दाखवून दिले. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले असलेल्या घरात तर आयोडीनयुक्त मिठाचा डबा ओट्यावरून हलवू नये. मीठ कमी घालावे, पण घालावे ते आयोडीनयुक्त.

आता बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. समजा शंभरात तीस भाग असा बदल केला, तर सोडियम ३९ वरून साडेसत्तावीसवर उतरते. म्हणून ते दीडपट घातले तर सारे मुसळ केरात. शिवाय मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हे पोटॅशियम घातक ठरू शकते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही शरीरातील पोटॅशियम वाढवतात. तेव्हा हे पाकीट विकत घेण्यापूर्वी चालू असलेल्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना दाखवावीत.