विश्लेषण : आयपी पत्त्यांचे ‘क्लास’ गेले, टंचाई कुणाच्या वाट्याला?

समुद्राखालून येणाऱ्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. त्याच वर्सोव्यातल्या सोसायटीत राहणाऱ्या ब्रॉडबँड ग्राहकाला मात्र स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळेलच असे नाही. याचे मूळ १९८१च्या आखणीत आहे.

आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. नेटवर्कचे मुख्य आकार तीनच ठरले. ‘ए’ क्लासला १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते, ‘बी’ला ६५,५३४ आणि ‘सी’ला अवघे २५४. मधले काही नाहीच. जागा मागणाऱ्याला एक तर चाळ, नाही तर अख्खा तालुका! ३०० संगणकांच्या संस्थेला ‘सी’ अपुरा पडे. ती ‘बी’ घेई आणि ६५ हजार पत्ते पडून राहत. अ‍ॅपल, फोर्ड यांना तर एकेक पूर्ण ‘ए’ गट मिळाला. हे वाटप गरजेचे नव्हते, आधी पोहोचलेल्यांचे होते.

१९९३मध्ये सीआयडीआर पद्धतीने क्लास मोडीत काढले. आता /२४ म्हणजे २४ बिट नेटवर्कचे. उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते, त्यातले दोन राखीव. त्या ३०० संगणकांना /२३ पुरते, त्यात ५१० मावतात. तरीही क्लास पाठ करून घेण्याची सवय अनेक वर्गांतून गेलेली नाही. इतिहास म्हणून ते ठीक. काम पडते ते तिरक्या रेघेपुढच्या आकड्याशी.

पण तोवर उशीर झाला होता. फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक साठा संपला. वायफाय सेटिंगमध्ये दिसणारा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता खासगी असतो. वर्सोव्यातही तोच, वर्ध्यातही तोच. पुढे कंपनी अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. मग घरचा सीसीटीव्ही बाहेरून थेट उघडत नाही. एकाने स्पॅम पाठवला की त्या पत्त्यामागचे सगळेच अडतात. सायबर तपासातही नुसता आयपी पत्ता कुणाकडे बोट दाखवायला पुरत नाही. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो.

आयपीव्ही६ पत्ता १२८ बिटांचा, तिथे टंचाईचा प्रश्न नाही. जिओने २०१६मध्ये सेवा सुरू करतानाच तो वापरला. स्थिर आयपीव्ही४ पत्त्यासाठी ब्रॉडबँड कंपन्यांनी जादा पैसे घेणे एक वेळ समजू शकते, कारण वस्तू दुर्मीळ आहे. आयपीव्ही६ बंद ठेवायला मात्र ते कारण चालत नाही.