आधी कायदा, मग ताबा

राज्याचा नगरविकास विभाग, दिल्लीतले संरक्षण मंत्रालय आणि पुणे महापालिका या तिघांना उद्देशून हे जाहीरपणे लिहीत आहोत. लिहिणारे आम्ही पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत राहणारे, इथे दुकाने चालवणारे, इथल्या शाळांत मुले घातलेले नागरिक आहोत. या दोन्ही ठिकाणचा नागरी भाग कॅन्टोन्मेंटमधून काढून महापालिकेत घालायचा, असा तुमचा इरादा आहे. त्याला आमचा विरोध नाही. आमच्यातल्या अनेकांची ती जुनीच मागणी आहे. पण ताबा कोण घेणार, कोणत्या कायद्याने घेणार, हिशेब कोण देणार आणि त्या काळात आमच्या वतीने कोण बोलणार, हे आधी कागदावर आले पाहिजे. ते न करता हद्दीची अधिसूचना काढाल, तर ती आम्ही निमूटपणे गिळणार नाही. मुदत सांगून ठेवतो. विधिमंडळाच्या येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाचे सूप वाजेपर्यंत.

मुदत घालण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, असे विचाराल. आमचा अधिकार काढून कोणी घेतला, ते आधी पाहू. कॅन्टोन्मेंट बोर्डासाठी आम्ही शेवटचे मत जानेवारी २०१५ मध्ये दिले. त्या बोर्डाचा मुदतवाढीसह काळ फेब्रुवारी २०२१ मध्ये संपला. मग कॅन्टोन्मेंट कायदा २००६ च्या कलम १३ चा आधार घेऊन तिघांचे बोर्ड बसवले गेले. अध्यक्ष लष्करी अधिकारी, दुसरे सीईओ आणि तिसरा सरकारने नेमलेला एकटा नागरिक. विशेष परिस्थितीसाठी लिहिलेले हे कलम मुदतवाढीवर मुदतवाढ घेत रोजचा कारभार होऊन बसले. ३० एप्रिल २०२३ ला निवडणूक घ्यायचे जाहीर झाले आणि मार्चमध्येच ते मागे घेतले गेले. तुम्ही म्हणाल, महापालिकेत आलात की नगरसेवक मिळेल. त्या महापालिकेतही मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासकच होता. एका साहेबाच्या टेबलावरची फाइल दुसऱ्या साहेबाच्या टेबलावर गेली, याला आम्ही लोकशाहीत प्रवेश म्हणणार नाही.

आता तुमचे कागद. संरक्षण मंत्रालयाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे पाठवली. नागरी सुविधांच्या मालमत्तांवरचा हक्क विनामूल्य पालिकेकडे जाईल, बोर्डाचे येणे-देणे पालिकेकडे जाईल, पालिका आपले कायदे आणि आपले कर लावेल, आणि जिथे लागू असेल तिथे जमिनीची मालकी केंद्राकडेच राहील. वाचायला सुटसुटीत आहे. पण कॅन्टोन्मेंट कायद्याचे कलम ७ काढून बघा. बोर्डाच्या निधीचा, मालमत्तेचा आणि देण्यांचा केंद्र सरकार आदेशाने सांगेल तेवढा भाग नव्या संस्थेकडे जाईल, एवढेच ते म्हणते. किती भाग, कोणत्या हिशेबाने, कोणाला विचारून, याबद्दल अक्षर नाही. बोर्डाला संरक्षण खात्याकडून यायचे सेवा शुल्क वर्षानुवर्षे थकले आहे. जीएसटी आल्यापासून राज्याकडून मिळायच्या वाट्याचे रडगाणे वेगळेच. हे येणे वसूल होण्याआधी विलीनीकरण झाले, तर ते कोणाकडे मागायचे? बोर्ड उरणार नाही आणि महापालिका म्हणेल, हे आमच्या वहीत नाही.

ओल्ड ग्रँटच्या बंगल्यात राहणाऱ्याला तर आणखी एक प्रश्न आहे. जमीन सरकारची, घर आपले, आणि लष्करी जमिनींच्या नोंदवहीतल्या (जीएलआर) एका नोंदीवर सगळा जीव टांगलेला. उद्या नकाशा महापालिका मंजूर करणार आणि जमिनीचा मालक म्हणून ना-हरकत पुन्हा संरक्षण मालमत्ता कार्यालयाची (डीईओ) लागणार असेल, तर एका खिडकीच्या जागी दोन खिडक्या झाल्या. एफएसआय वाढणार म्हणून बिल्डर आतापासून फिरू लागलेत. त्यांना कोणती खिडकी कधी उघडते हे आमच्याआधी कळते, हा आमचा अनुभव आहे.

घाईने घेतलेल्या हद्दीचे काय होते ते शोधायला पुण्याबाहेर जावे लागत नाही. २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. मिळकत कराची बिले वेळेवर पोचली, पाण्याचे टँकर मात्र चालूच राहिले. कराविरुद्ध गावे रस्त्यावर आली. शेवटी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. हद्द आत घेणे, बाहेर काढणे, परत मोजणे हा खेळ आमच्या वाट्याला नको.

जगात लष्करी तळ नागरी कारभाराखाली आणायची वेळ अनेकांवर आली. त्यातले एक उदाहरण या खात्यांतल्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. कॅलिफोर्नियात मॉन्टरे उपसागराच्या काठी फोर्ट ऑर्ड नावाचा सुमारे २८ हजार एकरांचा तळ होता. १९९१ च्या बंद करायच्या यादीत त्याचे नाव आले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये तो बंद झाला. मरीना आणि सीसाइड ही दोन गावे त्याच्यावरच पोसली गेली होती. जमीन मोठी, दावेदार अनेक आणि एकाही गावाला ती एकट्याने पेलवणारी नाही. तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने सिनेटर हेन्री मेलो यांचे विधेयक मंजूर करून त्याच वर्षी ‘फोर्ट ऑर्ड रीयूज ऑथॉरिटी’ नावाचे प्राधिकरण उभे केले. एखाद्या सचिवाच्या पत्रावर किंवा मार्गदर्शक तत्त्वांवर ते चालले नाही. त्याला स्वतःचा कायदा होता.

त्या कायद्याने सगळ्यात आधी खुर्च्या मोजल्या. मत देणारे १३ सदस्य: मॉन्टरे कौंटीचे ३, मरीना आणि सीसाइडचे प्रत्येकी २, आणि कार्मेल, डेल रे ओक्स, मॉन्टरे, पॅसिफिक ग्रोव्ह, सलिनास, सँड सिटी यांचा प्रत्येकी १. हे सगळे लोकांनी निवडून दिलेले महापौर, नगरसेवक किंवा कौंटीचे सदस्य. लष्कराचा प्रतिनिधी, विद्यापीठांचे आणि खासदार-आमदारांचे प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसत, बोलत, पण मत देत नसत. आमच्याकडे बरोब्बर उलटे आहे. मत लष्कराकडे, अध्यक्षपद लष्कराकडे, आणि निवडून आलेला माणूस बाहेर बाकावर. एखादा ठराव पहिल्या वेळी एकमताने झाला नाही, तर तो पुढच्या बैठकीत पुन्हा यायचा आणि मगच बहुमताने ठरायचा. मधल्या दिवसांत विरोध करणाऱ्याला गावात जाऊन लोकांना जागे करता येत असे. ही छोटीशी अट आम्हाला सगळ्यात आवडली आणि तीच इथे सगळ्यात आधी गाळली जाईल, हेही आम्हाला ठाऊक आहे.

पैशाचा नियमही लिहून ठेवलेला होता. जमीन विकली की येणाऱ्या पैशातला निम्मा प्राधिकरणाला आणि निम्मा ती जमीन ज्याच्या हद्दीत त्या गावाला. १९९७ मध्ये पुनर्वापराचा आराखडा मंजूर झाला. त्यानंतर प्रत्येक गावाचा विकास आराखडा त्याच्याशी जुळतो का, हे प्राधिकरण तपासत असे. पाण्याचे तर फारच काटेकोर. तळाच्या वाट्याला सलिनास खोऱ्यातले वर्षाला ६,६०० एकर-फूट भूजल ठरलेले होते, कारण समुद्राचे खारे पाणी आधीच जमिनीखालून आत सरकत होते. ते पाणी गावागावांत वाटून दिले होते. वाट्याचे पाणी संपले की नव्या इमारतींचा विषयच संपला. पुण्यात इमारत आधी उभी राहते आणि पाणी कुठून आणायचे यावर नंतर समिती बसते.

त्या प्राधिकरणाला आम्ही डोक्यावर घेऊन नाचत नाही. तीन-चारशे वस्तीच्या सँड सिटीला एक मत आणि दीड लाखाच्या सलिनासलाही एकच, हा कुठला न्याय? अॅस्बेस्टॉस आणि शिशाच्या रंगाने भरलेल्या लष्करी बराकी तळ बंद होऊन पंचवीस वर्षे झाली तरी मरीना आणि सीसाइडमध्ये उभ्याच होत्या. जमिनीत न फुटलेला दारूगोळा राहिला होता. सुमारे ३,३०० एकरांवरची ती सफाई स्वतःच्या अंगावर घेण्यासाठी प्राधिकरणाने २००७ मध्ये लष्कराकडून जवळजवळ १० कोटी डॉलर घेतले. खटले झाले, प्रकल्प बुडाले, बैठकांत हमरीतुमरी झाली. तरीही दोन गोष्टी कोणी नाकारणार नाही. एक, तळ बंद झाल्यावर वर्षभरात, १९९५ मध्ये, तिथे राज्य विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. दुसरी, भांडायला एक खोली होती, तिथे सगळ्यांसमोर भांडण होत होते आणि इतिवृत्त लिहिले जात होते.

आणि त्या संस्थेच्या मरणाची तारीख कायद्यातच होती. आधी २०१४ ठरली, २०१२ मध्ये एकदा वाढवून ती ३० जून २०२० केली, आणि त्या दिवशी प्राधिकरण खरोखर विसर्जित झाले. शेवटच्या वर्षांत कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे देणे कोणी उचलायचे, उरलेल्या सफाईचा करार कोणाकडे जायचा, असे प्रश्न ऐरणीवर आले. सफाईचा करार सीसाइडने घेतला. आमच्या बोर्डाच्या रुग्णालयातली परिचारिका, शाळेतला शिक्षक, आरोग्य खात्यातला झाडूवाला, आणि बोर्डाच्या निधीतून पेन्शन घेणारे म्हातारे हाच प्रश्न आज विचारत आहेत. त्यांची सेवाज्येष्ठता महापालिकेच्या यादीत कुठे लागणार? उत्तर तोंडी मिळते, लेखी मिळत नाही.

संस्था नीट उभी केली नाही तर काय होते, तेही कॅलिफोर्नियानेच दाखवले. ऑरेंज कौंटीतला एल टोरो हा मरीन सैनिकांचा हवाई तळ १९९९ मध्ये बंद झाला. कौंटीला तिथे विमानतळ हवा होता, दक्षिणेकडच्या गावांना नको होता. एक मतदान, त्याविरुद्ध दुसरे मतदान, मध्ये खटले. २००२ च्या मतदानात विमानतळ गाडला गेला. २००५ मध्ये नौदलाने जमीन लिलावात काढली आणि ती एका बिल्डर कंपनीने घेतली. पुढे बोलायची गरज नाही, पुणेकरांना लिलाव समजतो.

आमच्याकडे एक मोठा फरक आहे आणि तो आम्ही लपवत नाही. फोर्ट ऑर्डमधून लष्कर निघून गेले. इथून ते जाणार नाही. दक्षिण मुख्यालय इथेच राहणार, बराकी आणि मैदाने ‘मिलिटरी स्टेशन’ म्हणून वेगळी होणार, आणि नागरी भाग त्यांच्या कुंपणाला चिकटून राहणार. रस्ता कधी बंद होणार, गटार कोणाच्या हद्दीतून जाणार, किती मजल्यांना सुरक्षेची हरकत येणार, हे प्रश्न विलीनीकरणाने मिटत नाहीत. ते वाढतात. म्हणूनच मधल्या काळासाठी एक वैधानिक प्राधिकरण हवे आणि त्यात लष्कराला जागा हवी. सुरक्षेच्या बाबतीत त्यांचे म्हणणे अखेरचे मानायला आम्ही तयार आहोत. घरपट्टी, शाळा आणि बाजाराच्या गाळ्यांवर मात्र त्यांचे मत आम्हाला नको.

तेव्हा मागणी काय, ते ऐका. विधिमंडळाने संक्रमण प्राधिकरणाचा स्वतंत्र कायदा करावा. त्यात बहुमत निवडून आलेल्यांचे असावे, आणि ते निवडून येण्यासाठी विलीनीकरणाच्या आधी निवडणूक व्हावी, नंतर नव्हे. सेवा शुल्काची थकबाकी, जीएसटीचा वाटा, पेन्शनचा निधी, प्रत्येक इमारत आणि प्रत्येक कर्मचारी यांची श्वेतपत्रिका आम्हाला मराठीत मिळावी. ओल्ड ग्रँटच्या प्रत्येक मिळकतीबद्दल कोणत्या कार्यालयाची काय परवानगी लागेल, हे त्यातच लिहावे. पुणे कॅन्टोन्मेंटचे पटेल रुग्णालय आणि खडकीचे आंबेडकर रुग्णालय एक दिवसही बंद पडणार नाही, याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकावी. आणि त्या प्राधिकरणाच्या अंताची तारीख कायद्यात छापावी, नाहीतर तेही कलम १३ सारखे कायमचे बसेल.

देवळाली, देहूरोड, कामठी, भिंगार आणि छत्रपती संभाजीनगरची छावणी यांचे प्रश्न आमच्यासारखे नाहीत. भिंगारकरांना कदाचित स्वतःची नगरपालिका हवी असेल, कामठीत शेजारी नगर परिषद आहेच. त्यांनी काय करावे हे आम्ही सांगणार नाही. एका साच्यातला आदेश सातही ठिकाणी चिकटवू नका, एवढेच त्यांच्याही वतीने सांगतो.

आणि मुदत उलटली तर? कर भरणे आम्ही थांबवणार नाही. कर थांबला की दवाखान्यातली औषधे थांबतात, आणि मग आमच्याकडेच बोट दाखवाल. मतदानावर बहिष्कारही घालणार नाही. बहिष्कार सगळ्यात जास्त त्यालाच आवडतो ज्याला आमचे मत नको असते. पुणे कॅन्टोन्मेंट नावाचा विधानसभा मतदारसंघ अजून आहे. तिथे मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला या कायद्याची मागणी हातात देऊन सही मागू, आणि सही न देणाऱ्याचे नाव त्याच संध्याकाळी चौकातल्या फलकावर लावू. हद्द बदलाच्या अधिसूचनेवर हरकत घेण्याचा हक्क कॅन्टोन्मेंट कायद्याचे कलम ४ प्रत्येक रहिवाशाला देते. ती हरकत आम्ही एका सामूहिक पत्राने घेणार नाही. घराघरातून वेगवेगळी, लेखी, पोच घेऊन देऊ, आणि प्रत्येकीचे उत्तर मागू. एकाही हरकतीचे कारणांसह उत्तर न देता अंतिम अधिसूचना काढलीत, तर त्या पोचपावत्यांचे गठ्ठे घेऊन आम्ही मुंबई उच्च न्यायालयात उभे असू, आणि प्रतिवादी म्हणून तुम्हा तिघांचीही नावे त्या याचिकेत असतील.